गादी कोरडी ठेव, मग पुढचं बोलू

वासाचं म्हणतेस ना, तर आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘कोंबड्या म्हटल्या की वास आलाच’ असं तुला सासरी सगळे सांगत असतील, पण ते खरं नाही गं. कोरड्या गादीवर, म्हणजे शेडमध्ये अंथरलेल्या भाताच्या तुसावर, वाढणाऱ्या पाच हजार पक्ष्यांत जाऊन उभी राहिलीस तर तूस, खाद्य आणि पिसांची धूळ, एवढाच वास येतो. गेल्या बॅचला शेवटच्या पंधरवड्यात पहाटे दार उघडलं की डोळे चुरचुरायचे म्हणालीस, तो वास अमोनियाचा. कोंबडी अमोनिया टाकत नाही. तो तिच्या पायाखाली, तूस आणि विष्ठेच्या त्या थरात तयार होतो आणि तयार करतात जिवाणू. त्यामुळे फिनेल शिंपडून किंवा धूप घालून काही होणार नाही. तो पैसा वाचव.

कंपनीशी केलेला करार काढून बघ एकदा. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, लस-औषधं कंपनीची, फेरी मारून जाणारा सुपरवायझरही कंपनीचा. शेड, पाणी, वीज, मजुरी आणि तूस तुझं. शेवटी मर किती, वजन किती, एफसीआर (किलोभर वजनामागे लागलेलं खाद्य) किती यावर तुझे किलोमागचे पैसे ठरणार, आणि हे तिन्ही आकडे गादीमुळे वर-खाली होतात. पण बॅच बिघडली की गादीची चौकशी कोणी करत नाही. पिल्लूच खराब आलं म्हणतात, नाहीतर खाद्याला नावं ठेवतात. म्हणून म्हटलं, जी गोष्ट सर्वस्वी तुझी आहे ती तरी पुरती समजून घे.

विष्ठेवर पांढरा भाग दिसतो ना, ते युरिक आम्ल. आपल्या लघवीतून युरिया जातो, पक्षी मात्र अंगातलं नकोसं नत्र मुख्यतः या पांढऱ्या रूपात टाकतो. हे आम्ल पाण्यात फारसं विरघळत नाही, कोरडं राहिलं तर बराच काळ तसंच पडून राहतं. ओल, हवा आणि ऊब मिळाली की मात्र गादीतले जिवाणू त्यावर तुटून पडतात. त्यांच्याकडे युरिकेज नावाचं विकर असतं. ते युरिक आम्लाचं अॅलन्टॉइन करतं, पुढच्या पायऱ्यांनी त्याचा युरिया होतो आणि मग युरिएज हे दुसरं विकर युरियाचा अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकतं. या सगळ्या साखळीत तुझ्या हातात असलेली कडी एकच: ओल.

आता सामूचं, म्हणजे पीएचचं, ऐक, कारण खरी गोम तिथं आहे. नवं तूस साधारण उदासीन असतं, सामू सहा-सातच्या घरात. विष्ठा पडत गेली की दोन-तीन आठवड्यांत तो आठच्या वर चढतो. गादीत नत्र तेवढंच असलं तरी त्यातलं किती वायू होऊन उडणार हे सामू ठरवतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का अमोनिया वायूच्या रूपात असतो, बाकीचा अमोनियम म्हणून ओलाव्यात धरून राहतो. सामू ८ झाला की तो ५ टक्क्यांवर जातो, ९ झाला की ३६ टक्क्यांवर. त्यात अमोनिया स्वतःच सामू वाढवतो, आणि युरिक आम्ल फोडणाऱ्या विकराला असली अल्कधर्मी गादी फार मानवते. म्हणजे एकदा गाडी सुटली की आपोआप वेग घेते. पंचविसाव्या दिवसापर्यंत सगळं बरं होतं आणि मग चार दिवसांत अचानक बिघडलं, असं तुला वाटलं ते यामुळे. अचानक काही झालं नव्हतं.

आणि ओल येते कुठून? पाऊस नव्हता, छप्पर गळत नव्हतं, मग? अगं, पक्ष्यांतूनच. ब्रॉयलर पक्षी जेवढं खातो त्याच्या वजनाने साधारण दुप्पट पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. शेवटच्या आठवड्यात पाच हजार पक्षी रोज दीड हजार लिटरहून जास्त पाणी पितात. त्यातलं थोडं अंगी लागतं. बाकीचं श्वासातून हवेत नाहीतर विष्ठेतून गादीत. ताज्या विष्ठेत पाऊण भाग पाणीच असतं. रोज हजार लिटरची एक टाकी गादीत आणि शेडच्या हवेत रिकामी होते असं धर. ते पाणी वाऱ्याने बाहेर गेलं तर ठीक, नाही गेलं तर गादी ते धरून बसते. त्यावर गळकं निपल असेल किंवा पाण्याचं भांडं खाली टेकलेलं असेल तर विचारूच नकोस. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला हवी, निपल मान ताणून पिता येईल इतकं वर. पक्षी रोज वाढतो, त्यामुळे ही उंची दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते. पंधरवड्यातून एकदा नाही.

मोजायला यंत्र नको. पाण्याच्या रांगेखालून आणि शेडच्या मध्यातून एकेक मूठ गादी उचल, दाबून हात उघड. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. हळूहळू मोकळी झाली तर छान, ओल २०-२५ टक्क्यांच्या आसपास आहे. धरलीच नाही, नुसती भुगा होऊन पडली तर फार कोरडी. मग धूळ उडते आणि पिल्लांच्या छातीत भरते. ओल ३०-३५ टक्क्यांवर गेली की ढेपा धरायला लागतात, वर पापुद्रा बसतो आणि खालची ओल आतच कोंडते.

त्या ढेपेखाली आणि बाजूच्या मोकळ्या तुसात राहणारे जिवाणू एक नसतात बरं का. एच. ई. शेफर्ले यांनी जुन्या गादीतल्या जिवाणूंचा अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे चित्र हळूहळू उलगडत आलं आहे. गादीच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी जिवाणू असतात. सुरुवातीला पिल्लाच्या आतड्यातून आलेले लॅक्टोबॅसिलस आणि ई. कोलाय यांची गर्दी असते. गादी कोरडी, खारट आणि अल्कधर्मी होत गेली की त्यांचा टिकाव लागत नाही. कोरिनेबॅक्टेरियम, ब्रेव्हिबॅक्टेरियम, स्टॅफिलोकॉकस यांसारखे कोरडेपणा आणि क्षार सोसणारे वरचढ होतात. पण जिथं ओल राहते तिथं आतड्यातल्यांना पुन्हा घर मिळतं, हवा न लागलेल्या ढेपेखाली क्लॉस्ट्रिडियम वाढतात, वर बुरशी धरते. एकाच शेडमध्ये दहा फुटांवर हा फरक असतो.

रक्ती हगवणीचंही तसंच. कॉक्सिडियाची अंडी विष्ठेतून पडतात तेव्हा लगेच रोग देत नाहीत. ओल, हवा आणि २५-३० अंशांची ऊब मिळाली की दिवस-दोन दिवसांत ती पिकतात आणि मग चोचीतून पोटात जाऊन घात करतात. आपल्याकडे ऊब बारा महिने आहे, हवा असतेच. पुन्हा ओलीवरच आलं बघ.

जुन्या गादीबद्दल विचारलंस. तुझ्या सासऱ्यांना दर बॅचला तूस बदलणं म्हणजे उधळपट्टी वाटते, आणि ते अगदीच चुकीचं बोलत नाहीत. अमेरिकेत ओहायोच्या कृषी संशोधन केंद्रात केनार्ड आणि चेंबरलिन या दोघांनी १९४०च्या दशकात जुन्या, साठलेल्या गादीवर कोंबड्या वाढवून दाखवल्या आणि त्या चांगल्या राहिल्या. पुढे १९४८ मध्ये बी-१२ जीवनसत्त्व वेगळं काढलं गेलं आणि कोडं थोडं सुटलं; गादीतले जिवाणू ते जीवनसत्त्व तयार करतात आणि कोंबड्या गादी उकरताना ते खातात. १९७३ मध्ये टर्नबुल आणि स्नोयेनबॉस यांनी आणखी एक गोष्ट मांडली: बराच काळ वापरलेल्या गादीत साल्मोनेला लवकर मरतो, आणि त्यामागे अमोनिया, कमी ओल आणि वाढलेला सामू ही कारणं आहेत. म्हणजे ज्या अमोनियाने तुझे डोळे चुरचुरतात तोच तिकडे राखणही करतो. जुनी गादी विरजणासारखी असते. चांगलं असेल तर पुढचं दही चांगलं लागतं, बिघडलेलं असेल तर दूध कितीही ताजं असो, वाया जातं.

तरी माझं मत विचारशील तर पनवेल-उरणकडे पावसाळ्यात जुनी गादी वापरू नकोस. ओहायोची हवा वेगळी, आपली वेगळी. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जुलैत कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, तिथं गादी कशी वाळेल? दिवाळीनंतर, आधीची बॅच निरोगी गेली असेल, ढेपा काढून टाकल्या असतील, गादी ढीग करून तापू दिली असेल आणि पिल्लांच्या ब्रूडरखाली तरी नवं तूस घातलं असेल, तर हरकत नाही. बॅचमध्ये रोग होता? मग एक पाटीही ठेवायची नाही.

चुन्याबद्दल मात्र सासऱ्यांशी जरा गोड बोलून वाद घाल. गादी ओली झाली की चुना मारायचा, ही पद्धत सगळीकडे आहे आणि मला ती पटत नाही. चुना ओल शोषतो हे खरं, पण तो सामूही चढवतो, आणि सामू चढला की काय होतं ते वर सांगितलं. पक्षी आत असताना ओल्या गादीत चुना मिसळलास तर धरून राहिलेला अमोनिया एकदम सुटतो. चुन्याची जागा रिकाम्या शेडमध्ये: गादी काढली, जमीन धुऊन वाळवली, मग चुना. पक्ष्यांच्या गादीला सामू खाली आणणारं काहीतरी हवं. त्यासाठी सिंगल सुपर फॉस्फेट वापरतात. तुरटीचं काम त्याहून चांगलं. आपल्या आज्या पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवायच्या तीच जात. अर्कान्सामध्ये फिलिप मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात अॅल्युमिनियम सल्फेट गादीत मिसळून पाहिलं. सामू उतरला, अमोनिया अमोनियम सल्फेट होऊन गादीतच राहिला, आणि स्फुरदही बांधलं गेल्याने पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाण्याचं प्रमाण घटलं. ही शेवटची गोष्ट तुझ्यासाठी छोटी नाही. नेऱ्याकडच्या ओढ्यांचं पाणी शेवटी गाढी नदीत आणि तिथून खाडीत येतं. तुरटीची भुकटी पिल्लं यायच्या आधी पसरायची, तोंडाला मास्क बांधून, आणि किती हे पशुवैद्यकाला विचारून. ओल तशीच ठेवून नुसती तुरटी टाकलीस तर थोडे दिवस बरं वाटेल, बस्स.

हवेत अमोनिया २५ पीपीएमच्या वर जाऊ नये असं म्हणतात. तुझं नाक त्यासाठी भरवशाचं नाही. रोज आत वावरणाऱ्याचं नाक बोथट होतं. त्यापेक्षा पाहुणी आली की तिला विचार, किंवा स्वतः पक्ष्यांच्या उंचीला खाली बस. उभ्याने जे जाणवत नाही ते तिथं जाणवतं. पक्षी डोळे मिटून, डोकं खांद्यावर घासत बसले असतील तर समजायचं की अमोनिया डोळ्यांना लागला आहे. श्वासनलिकेच्या आत बारीक केस असतात, धूळ आणि जंतू बाहेर लोटणारे. अमोनियाने ते काम करेनासे होतात आणि मग राणीखेत काय, ई. कोलाय काय, सगळ्यांना वाट मोकळी. चार-पाच पक्षी उचलून पायाचे तळवेही उलटून बघत जा. तळव्यावर काळे चट्टे दिसले की गादी किती दिवस ओली आहे ते कळतं, मजुराला विचारायला नको. आणि बाळाला कडेवर घेऊन शेडमध्ये जाऊ नकोस. तुझ्या सासूबाई जायच्या, सगळ्या जायच्या, तरी नको.

पडद्यांवरून तुझं घरात भांडण होणार आहे, आत्ताच सांगते. जूनमध्ये झड सुरू झाली की घरातला प्रत्येक जण पडदे वरपर्यंत ओढून बांधणार आणि पक्ष्यांची काळजी घेतली म्हणून झोपणार. सकाळी आत गॅस चेंबर. झडीच्या बाजूचा पडदा खालून वर ओढ, पण वरचा हातभर भाग उघडा ठेव. अमोनिया आणि वाफ तिथूनच बाहेर जातात. झड आत येते ही अडचण छपराची आहे, पडद्याची नाही. वळचण तीन-चार फूट पुढे काढून घे, पन्हळ लाव, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब जाईल असा चर खण. हे गवंड्याचं काम पाऊस सुरू झाल्यावर होत नाही. गादी दंताळ्याने खाली-वर करायची ती दुपारी, पडदे उघडे असताना, थोडी थोडी. रात्री किंवा बंद शेडमध्ये हलवलीस तर साठलेला वायू पक्ष्यांच्याच नाकात जाईल. ढेपा हलवत बसायचं नाही, उचलून बाहेर टाकायच्या आणि तिथं नवं तूस.

गादीत साठतं ते नुसतं नत्र नव्हे. औषधांचा अंशही साठतो, आणि त्या औषधांना न जुमानणारे जिवाणूही. कोलिस्टिन हे प्रतिजैविक कोंबड्यांना द्यायला भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली ती याच धास्तीने. कुणी ‘जरा जोरदार औषध आहे’ म्हणून बाटली हातात दिली तर लेबल वाचल्याशिवाय पाण्यात घालू नकोस.

उरणकडच्या चिरनेरचं तुला आठवत असेल. आपल्याला ते गाव १९३०च्या जंगल सत्याग्रहामुळे ठाऊक, पण जानेवारी २०२५ मध्ये तिथं बर्ड फ्लू निघाला. घरगुती कोंबड्या मेल्या, नमुन्यांचा तपास झाला, आणि मग एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करण्याची आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवण्याची ठरलेली कारवाई झाली. अशा वेळी पक्ष्यांबरोबर गादी आणि उरलेलं खाद्यही पुरावं लागतं, कारण विषाणू विष्ठेत टिकतो, ओल्या आणि गार विष्ठेत जास्त. म्हणून शेजारच्या शेडची पाटी-फावडी मागून आणू नकोस, आपली देऊ नकोस. गादी न्यायला येणारा टेम्पो दारापर्यंत येऊ द्यायचा नाही. मर एकदम वाढली तर लपवून पुरू नकोस, तालुक्याच्या पशुसंवर्धन विभागाला लगेच कळव.

काढलेली गादी विकायची म्हणालीस, जरूर विक. शेतीच्या पुस्तकांत कोंबडी खतात सुमारे ३ टक्के नत्र, २.६ टक्के स्फुरद आणि १.४ टक्के पालाश धरतात. शेणखताच्या कितीतरी पट. पण ताजी गादी थेट पिकाला घातली तर मुळं जळतात. कोरड्या जागी ढीग कर, हलकी ओल दे, झाक, मधूनमधून उलट. आत ५५-६० अंशांपर्यंत तापतो तो ढीग, रोगजंतू आणि माशांच्या अळ्या मरतात. उघडा टाकलास तर नत्र वाऱ्यावर जाईल, उरलेलं पावसात ओढ्याला, आणि माश्या शेजाऱ्यांकडे.

शेजाऱ्यांना कमी लेखू नकोस. तुझी शेड २०१३ मध्ये जाहीर झालेल्या ‘नैना’च्या, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नियोजित भागाच्या, हद्दीत आहे. भोवती आज भातखाचरं दिसतात, उद्या तिथं बारा मजली इमारत उभी राहील, आणि तळोज्याच्या कारखान्यांच्या वासाने आधीच वैतागलेली माणसं तिथं राहायला येतील. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत पोल्ट्री वस्तीपासून ५०० मीटर दूर असावी असं आहे. शेड आधी होती हा तुझा मुद्दा बरोबर असेल, पण वास आणि माश्या असतील तर तो कोणी ऐकून घेणार नाही. कोरड्या गादीच्या शेडविरुद्ध तक्रार करायलाही माणसाला काही सापडावं लागतं.

आता पुढच्या बॅचचं. गटारीला माल तयार हवा म्हणून कंपनी जूनमध्ये पिल्लं टाकणार, आणि ती बॅच अख्खी मुसळधार पावसात वाढणार. दर चांगला मिळतो, म्हणून नाही म्हणू नकोस, पण पक्षी नेहमीपेक्षा थोडे कमी घे. चौरस फुटामागे पक्षी कमी म्हणजे गादीत पाणी कमी. लिफ्टिंग झालं, म्हणजे कंपनीने पक्षी उचलले, की श्रावणात मागणी पडतेच, तेव्हा शेड रिकामी ठेवून नीट वाळव. वळचणीचं काम आधी उरक. आणि तूस मे संपायच्या आत भरून ताडपत्रीखाली ठेव. आपल्याकडची बरीच भातशेती सिडकोच्या ९५ गावांबरोबर गेली, आता तूस कर्जत-मुरबाडकडच्या गिरण्यांतून येतं, आणि जळणासाठी कारखान्यांचे बॉयलरवालेही त्यावर टपलेले असतात. जुलैत कोणी स्वस्तात देतो म्हणाला तर पोत्यात हात घालून बघ; आतून गरम किंवा कुबट लागलं तर परत पाठव. त्या बुरशीने पहिल्या आठवड्यातच पिल्लं धापा टाकायला लागतात आणि मग त्यावर औषध नाही.